जिथे गाडी जात नाही

रास अल खैमा
शनिवार, १८ जानेवारी २०२५

प्रिय सिस्टर जोआना,

सप्रेम नमस्कार.

आज डॉलीची वर्षाची मिस्सा झाली. सकाळी आठची होती. फादरांनी नाव बरोबर घेतलं. महिन्याच्या मिस्सेला चुकलं होतं. नंतर हॉलमध्ये चहा ठेवला होता. फॅक्टरीतले काही जण आले, डॉलीच्या सायकलच्या ग्रुपमधल्या बायका आल्या. शेनॉन दुबईहून आली होती. माझ्या भावाने घरची केळी वाळवून वसईहून पाठवलेली सुकेळी तिने सगळ्यांना वाटली. दुपारी आम्ही दोघं घरी आलो, जेवलो, भांडी घासली. दिवस असा गेला.

डॉली असताना तुमचा रविवारचा फोन तिच्यासाठी असायचा. "जोआना विचारतेय, तू कसा आहेस," एवढंच माझ्यापर्यंत यायचं. मावसबहिणींच्या बोलण्यात मी कधी पडलो नाही, आणि फोनवर बोलणं मला जमतही नाही. म्हणून लिहितो आहे. मोबाइलवर मराठी टाइप करायला फार वेळ लागतो, तेव्हा कागदावर लिहून फोटो पाठवतो. अक्षर लागलं नाही तर कळवा.

काम असं आहे. डॉलीने फ्रान्सच्या खेड्यांतून सायकलने फिरायचा जो रूट काढला होता, तुमच्या मठापासून निघून पाच दिवसांत परत मठाशी येणारा, तो आज शेनॉनने जेवणानंतर लॅपटॉपवर उघडला. म्हणाली, "डॅड, मम्मीचा रूट मी करणार. मे मध्ये. मम्मीचीच बाइक घेऊन." ती ग्रॅव्हल बाइक, म्हणजे हँडल शर्यतीच्या सायकलसारखं वाकडं आणि टायर खडीवर चालतील असे जाड, अजून डॉलीच्या खोलीत भिंतीला टेकून उभी आहे. मी नाही म्हणालो नाही. मी म्हणालो, मीही येतो, भाड्याने गाडी घेतो आणि तुझ्या मागे राहतो.

डॉलीने तुम्हाला सांगितलं असेल, मी सायकल चालवत नाही. पण ती वादीत जायला लागली तेव्हापासून तिच्या मागे पजेरो घेऊन मीच जायचो. इथे वादी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी, सगळी खडी आणि धोंडे. मागे बर्फाची पेटी, पाणी, केळी, ट्यूब, पंप. त्या बायका मला ॲम्ब्युलन्स म्हणायच्या. एका जूनमध्ये डॉलीला ऊन लागलं आणि ती सायकलवरून उतरून तिथेच खाली बसली. ओठ पांढरे पडले होते. मी मागेच होतो म्हणून बर्फ मिळाला. डॉक्टरने नंतर सांगितलं, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. तेव्हापासून मी जास्त अंतर ठेवत नव्हतो.

आता तुम्हाला विचारायचं ते एवढंच. नकाशावर तिची वाट हिरव्या रेघेने दाखवली आहे. त्या रेघेच्या बाजूने गाडीचा रस्ता कुठे कुठे आहे? आणि वाटेत पाण्याची सोय काय? नकाशावर पेट्रोल पंपसुद्धा दिसत नाही.

आपला,
ॲम्ब्रोज


मठ, बरगंडी
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय ॲम्ब्रोजभावोजी,

तुमचं अक्षर छान लागलं. किती वर्षांनी मराठी हस्ताक्षर पाहिलं! आमच्या सिस्टर ओदील (वय एक्क्याण्णव, कोंबड्या सांभाळतात आणि आम्हा सगळ्यांनाही) कागद उलटासुलटा करून म्हणाल्या, "हे वाळत घातलेल्या कपड्यांसारखं दिसतं." त्यांना मी सांगितलं, आमच्या अक्षरांना वर दोरी असतेच.

डॉलीच्या मिस्सेच्या दिवशी आम्हीही इथे प्रार्थना केली. गेल्या वर्षी तिच्या मातीला मला येता आलं नाही, ते मनाला लागून राहिलं आहे.

आता तुमचा प्रश्न. इथून पूर्वी एक लहान आगगाडी जायची, दगडाच्या खाणींसाठी. ती बंद झाली, रूळ उचलले आणि त्या जागी बारीक खडी दाबून बसवली. त्याला इथे हिरवी वाट म्हणतात. चालणारे, सायकलवाले आणि कधी एखादा घोडा, एवढीच वर्दळ. पुढे कालव्याच्या काठाने जाते. त्या काठावरून पूर्वी घोडे नावा ओढत न्यायचे. तिसऱ्या दिवशी जंगल लागतं, लाकूडतोड्यांच्या वाटा आहेत. मग शेतांमधून, दोन्ही बाजूंना काटेरी झुडपांची कुंपणं, त्यात आता मेमध्ये पांढरी फुलं येतील. जवळचा भाग मी पायी हिंडले आहे. वाटेच्या तोंडाशी लाकडाचे खांब रोवलेले असतात, मधून माणूस, सायकल, फार तर घोडा जाईल एवढीच जागा. भावोजी, गाडी बाजूने नेता येईल असं मला तरी काही दिसत नाही. संध्याकाळी मुक्कामाच्या गावात मात्र गाडीने पोचता येईल. डॉलीने वाट निवडली ती सुंदर आहे म्हणूनच निवडली असेल.

पाण्याची काळजी करू नका. इथे प्रत्येक गावाच्या दफनभूमीत फुलांना घालायला नळ असतो, सायकलवाले तिथेच बाटल्या भरतात. पाणी पिण्यासारखं नसेल तर पाटी असते. डॉलीने पाण्याचं विचारलं तेव्हा तिलाही हेच सांगितलं होतं. किती हसली! म्हणाली, "बरं झालं, मेलेले तरी पाहुणचार करतात."

शेनॉनला पाठवाच. वरची लहान खोली आहे, एक खाट आणि खिडकीतून बाग दिसते. डॉलीसाठी झाडून ठेवली होती, तीच तिला देईन.

तुमची,
सि. जोआना


रास अल खैमा
९ फेब्रुवारी

प्रिय सिस्टर,

पत्र मिळालं. आभार.

दोन गोष्टी मला कळल्या नाहीत. डॉलीने तुम्हाला पाण्याचं का विचारलं? पाणी मी बघायचो. इतक्या वर्षांत तिला पाण्याचा विचार कधी करावा लागला नाही.

आणि खोली. तुम्ही लिहिता, एक खाट. डॉली जाणार होती त्या, गेल्या वर्षीच्या मेसाठी मीही रजा मागितली होती. डॉलीला माहीत होतं. ती म्हणाली होती, "बघू, तुझी रजा मिळू दे आधी." मी कुठे राहणार होतो?

मी यायचं नव्हतं का?

ॲम्ब्रोज


रास अल खैमा
शनिवार, १५ मार्च

प्रिय सिस्टर,

उपवासकाळ सुरू आहे, मठात काम जास्त असेल, म्हणून उत्तर आलं नसेल असं समजतो. मागच्या पत्रात विचारलं ते राहू द्या. आता दुसरं विचारायचं आहे.

शेनॉनने तिकीट काढलं. मला नंतर सांगितलं. आज सायकल घेऊन मी तिच्याबरोबर मुश्ताकच्या दुकानात गेलो. मुश्ताक पेशावरचा, डॉलीची सायकल तोच बघायचा. विमानासाठी ती खोक्यात कशी बांधायची ते तो शेनॉनला दाखवत होता. मी विचारलं, फ्रान्समध्ये गाडीवर सायकलचा रॅक भाड्याने मिळेल का? तो हसून म्हणाला, "अंकल, वहाँ आपकी गाड़ी का क्या काम? वहाँ रेगिस्तान थोड़ी है. हर दस किलोमीटर पे गाँव है." शेनॉन खोक्याला टेप लावत राहिली.

परतताना गाडीत बोलली. "डॅड, देअर इज नो रोड. दॅट्स द होल पॉइंट ऑफ द रूट."

मी म्हणालो, मग रूट बदलू. थोडा वळसा पडेल, पण रस्त्याच्या बाजूने राहील.

"देन इट्स नॉट मम्मीज रूट."

"मम्मीला ऊन लागलं होतं तेव्हा तू कॉलेजात होतीस. तुला काय माहीत?"

"मे मध्ये फ्रान्समध्ये ऊन नाही लागत, डॅड. यू नो दॅट."

मला एवढं माहीत आहे की ती जंगलात पडली, पाय मोडला, तर हाक ऐकायला कोणी नसेल. माझ्याकडे आता ती एकटीच आहे.

म्हणून विनंती आहे. तुम्ही सांगितलेलं ती ऐकेल. तुम्ही तिला कळवा की हिवाळ्यातल्या वादळात जंगलातली झाडं पडली, मधली वाट बंद आहे, रस्त्याकडून यावं लागेल. कोणाचं नुकसान होणार नाही. तुम्हाला असं लिहायला सांगणं बरोबर नाही हे मला कळतं. तरी सांगतो आहे.

ॲम्ब्रोज


मठ
रविवार, २३ मार्च

प्रिय ॲम्ब्रोजभावोजी,

झाडं पडलेली नाहीत. वाट मोकळी आहे. मी दुसरं काही लिहिणार नाही.

फेब्रुवारीतल्या तुमच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. आता सांगते. नाही सांगितलं तर तुम्ही शेनॉनला अडवाल, आणि ती तुमच्यावर रागावून का होईना, जाईलच.

डॉली आजारी पडायच्या आधीच्या ऑगस्टमधली गोष्ट. तुम्ही गाडी धुवायला घेऊन गेला होता. तिने फोनवर विचारलं, "जोआना, तुमच्याकडे अशी वाट आहे का, जिथे गाडी येऊच शकत नाही?" मी म्हटलं, आहे की, मागच्या दारातून निघते. मग ती बोलायला लागली. तिचेच शब्द लिहिते, जसे आठवतात तसे.

"तो वाईट नाही गं. तोच तर त्रास आहे. वाईट असता तर भांडले असते. वादीत इतकी वर्षं जाते, पण वादी कशी ऐकू येते ते मला ठाऊक नाही. मागे पजेरो फर्स्ट गिअरमध्ये गुरगुरत असते. मी थांबले की तो थांबतो. नुसतं डोंगराकडे बघायला थांबले तरी काच खाली होते, 'काय झालं? पाणी देऊ?' ऊन लागलं त्या दिवसापासून तर बंपर माझ्या चाकाला टेकायचं बाकी आहे. बाकीच्या बायका हसतात, मीही हसते. मला एकदाच, पाच दिवस, मागे कोणी नको आहे."

मी म्हटलं, त्याला सांग की सरळ.

"सांगितलं तर तो गाडी विकून टाकेल. आणि मग घरी बसून माझी वाट बघेल. ते मला अजून जड जाईल."

त्यानंतर ती वाट शोधायला लागली. दर रविवारी विचारायची, हा तुकडा कसा आहे, इथे डांबर आहे का, इथे गाडी येते का? जिथे येते असं मी सांगायचे तो तुकडा ती खोडायची. तुम्ही ती हिरवी रेघ बघता आहात ना, ती अशी झाली आहे. सुंदर आहे म्हणून निवडली असेल असं मी तुम्हाला लिहिलं ते तेवढं खरं नव्हतं.

ती तुम्हाला नाताळात सांगणार होती. "चांगलं जेवायला घालून सांगते," म्हणाली. सप्टेंबरात कावीळ निघाली, आणि ती नुसती कावीळ नव्हती, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

डिसेंबरात ती एकदा माझ्याशी बोलली. मी विचारलं, आता सांगू का मी त्यांना? म्हणाली, "राहू दे. आता मला बसवत नाही. हॉस्पिटलला नेताना तो सीट मागे पाडतो, उशा लावतो, स्पीडब्रेकर आला की गाडी जवळजवळ उचलून नेतो. त्याला काय सांगायचं?" याहून जास्त ती बोलली नाही. त्याचा अर्थ काय तो तुम्ही लावा. मी माझ्याकडून गोड काही त्यात घालणार नाही. घातलं तर पुढे तुम्हाला माझं काहीच खरं वाटणार नाही.

तुमच्यासाठी रोज प्रार्थना करते.

जोआना


रास अल खैमा
२७ एप्रिल

प्रिय सिस्टर,

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. ईस्टर होतं, फॅक्टरीत भट्टीचं शटडाउन होतं.

मी येत नाही. रजा रद्द केली. आमच्या एचआरमधल्या अथर्वने विचारलं, "सर, शुअर ना? मग परत मे मध्ये मिळणार नाही." मी हो म्हणालो.

शेनॉन बारा तारखेला तिथे पोचेल. ती सकाळी खात नाही, फक्त कॉफी घेते, तेव्हा निघायच्या आधी तिला बसवून खायला घाला. टायरमध्ये हवा जास्त भरते. खडीवर हवा कमी लागते, मुश्ताकने सांगितलं आहे, पण ती विसरते. उजवा गुडघा लहानपणी दुखावला होता, थंडीत धरतो. घाटावर तो दुखला तरी ती सांगणार नाही. तोंड बघून कळतं.

मोबाइलवर ती कुठे आहे ते मला दिसेल असं तिने लावून दिलं होतं. मी ते बंद करून घेतलं. तिने विचारलं, "आर यू अँग्री विथ मी?" मी नाही म्हणालो. मग ती बराच वेळ माझ्याजवळ स्वयंपाकघरात उभी राहिली. मी कांदा चिरत होतो.

तिला तुमच्या पत्रातलं काही सांगितलेलं नाही. तुम्ही आपणहून सांगू नका. विचारलं तर सांगा.

तुम्ही लिहिलंत त्यावर मला काय म्हणायचं ते मला नीट माहीत नाही. गाडी मी विकली नसती, असं पहिल्या दिवशी वाटलं. मग वाटलं, विकली असती. घरी बसून तिची वाट बघितली असती हेही खरं आहे. ती मला ओळखत होती.

त्या पाच दिवसांत मी तिला सोडलं असतं का, याचा मात्र अंदाज लागत नाही. तिने विचारायलाच हवं होतं. विचारलं असतं तर कळलं असतं. आता कळणार नाही.

सिस्टर ओदील यांना नमस्कार.

ॲम्ब्रोज


मठ
१४ मे

प्रिय भावोजी,

पोर सुखरूप पोचली, जेवली, झोपली आणि काल सकाळी निघाली. आधी ते लिहिते, मग बाकीचं.

सकाळी तिला बसवून दोन अंडी, पाव आणि सिस्टर ओदीलचा जॅम खायला घातला. "मावशी, आय कांट," "मावशी, प्लीज," असं चाललं होतं. सिस्टर ओदील समोर हात बांधून उभ्या राहिल्या. त्यांच्यासमोर कोणी ताटात काही उरवत नाही. टायरची हवा मी अंगठ्याने दाबून पाहिली. मला त्यातलं काही कळत नाही, पण चेहरा गंभीर ठेवला. तिने थोडी हवा सोडली.

मागच्या दारातून आम्ही दोघी हिरव्या वाटेपर्यंत चालत गेलो. खांबांमधून तिने सायकल आत घातली, बसली आणि गेली. दोन्हीकडे उंच झाडं, मधून सरळ पांढरी खडी. ती बरीच दूरपर्यंत दिसत राहिली. तिने मागे पाहिलं नाही.

भावोजी, आता माझी गंमत ऐका. मी मठात आले आणि वाटलं, तिने रेनकोट घेतला का? बघितलं तर दारामागे लटकलेला. आकाश निळं होतं, ढगाचा पत्ता नाही. तरी मी मठाची गाडी काढली. पुढच्या गावात जाऊन उभी राहते, येईल तेव्हा देईन, असं ठरवलं. फाटकापर्यंत गेले. सिस्टर ओदील कोंबड्यांचं खाणं घेऊन मध्ये उभ्या. "कुठे?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाऊस आला तर भिजेल. भिजलेली माणसं वाळतात." मी गाडी परत आत लावली. पण दिवसभर जिवाला स्वस्थता नव्हती. इतक्या वर्षांत तुम्हाला काय वाटत असेल ते मला काल एका दिवसात कळलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. तिचं मराठी तुम्हाला माहीत आहे, तरी ती माझ्याशी मराठीच बोलायला बघते. म्हणाली, "मावशी, सो क्वाएट! मला माझा ओन श्वास ऐकू येत होता." एका गावात दफनभूमीच्या नळावर बाटली भरायला थांबली, तर एका म्हाताऱ्या गृहस्थाने तिच्या हातात झारी दिली आणि त्याच्या घरच्या सगळ्या थडग्यांना पाणी घालून घेतलं. मग तिला गाल पुढे करायला लावून इथल्या रीतीने दोन पापे घेतले आणि जाऊ दिलं. तिला ते फार आवडलं.

मग तिने विचारलं, "मावशी, मम्मी वॉज कमिंग अलोन, राइट?"

तुम्ही सांगितलं होतं, विचारलं तर सांगा. मी हो म्हटलं.

ती म्हणाली, "आय थिंक आय न्यू. डॅडला माहीत आहे?"

मी परत हो म्हटलं. त्यावर ती रडली. माझं काही चुकलं असेल तर मला क्षमा करा. रडून झाल्यावर म्हणाली, उद्या कालवा आहे, लवकर निघायचं आहे. आज सकाळी निघाली असेल.

तुम्ही सप्टेंबरात या. पायी चालायला वाट फार चांगली आहे. खोलीत एकच खाट आहे, ती पुरेल.

तुमची,
जोआना


रास अल खैमा
शनिवार, १७ मे

प्रिय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

तुमचं काही चुकलं नाही. शेनॉनने बुधवारी रात्री मला मेसेज केला. फोटो होता, कालव्याचा. खाली लिहिलं होतं, "यू ओके, डॅड?" मी लिहिलं, ओके. मग अजून काही लिहावंसं वाटलं, पण मराठी तिला वाचता येत नाही आणि इंग्रजीत ते ऑफिसच्या मेलसारखं व्हायला लागलं. आल्यावर बोलेन.

सप्टेंबरचं बघतो.

गुरुवारी डॉलीच्या ग्रुपमधल्या एमानचा फोन आला होता. ती इथलीच आहे, शाळेत शिकवते. उन्हाळ्याच्या आधीची शेवटची राइड, शनिवारी पहाटे वादीत. "अंकल, यल्ला, चला, ॲम्ब्युलन्स घेऊन या." गेल्या वर्षभरात मी दोन-तीनदा त्यांच्या मागे गेलो होतो. या वेळी नाही म्हणालो. मला वाटलं ती आग्रह करेल. ती म्हणाली, "खलास, नो प्रॉब्लेम, आम्ही पाणी जास्त घेऊ." तिचा आवाज चांगलाच होता. मी फोन ठेवला.

आज त्या पहाटे गेल्या असतील. मी सातनंतर गेलो, दुसऱ्या बाजूने, जिथून डॉली एकटी असली की सुरू करायची. एकटी म्हणजे ग्रुप नसला की. मी असायचोच.

डांबर संपतं तिथे गाडी लावली आणि इंजिन बंद केलं. खाली उतरलो. या जागी मी गाडीच्या बाहेर फारसा उभा राहिलो नव्हतो. पाण्याची एक बाटली घेतली आणि वादीत चालायला लागलो.

पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही. माझ्या कानातच इंजिन होतं, सिस्टर. ते गेलं नाही तर काय करायचं, असं वाटलं. पुढच्या वळणापर्यंत गेलो. मग हळूहळू कमी झालं. बूट खडीवर वाजत होते. थांबलो की तेही नाही. वरच्या बाजूला कुठेतरी शेळ्या होत्या, दिसल्या नाहीत, धोंडे घसरल्याचा आवाज येत होता. एक पक्षी होता. तोच तोच दोन सुरांचा आवाज करायचा, थांबायचा, मग दुसऱ्या बाजूने कोणी उत्तर द्यायचं. त्याचं नाव मला माहीत नाही. डॉलीला माहीत असतं असंही नाही. तिने तो कधी ऐकला नव्हता.

ते मला फार लागलं. तिच्या पुढच्या डोंगरात तो ओरडत असणार आणि मी मागे होतो.

तरी मी परत फिरलो नाही. एमान आणि त्या बायका समोरून आल्या तर काय म्हणायचं हे मनात ठरवून ठेवलं होतं, पण कोणी आलं नाही. ऊन डोंगराच्या माथ्यावरून अर्ध्यापर्यंत उतरलं होतं, खाली अजून सावली होती. तहान लागली म्हणून पाणी प्यालो. मग डाव्या बुटात खडी गेली. टोचायला लागली तेव्हा एका सपाट धोंड्यावर बसलो, बूट काढला, उलटा करून झटकला. दोन बारीक खडे पडले. मोज्यावर हात फिरवून पाहिला, बूट परत घातला, नाडी बांधली आणि पुढच्या वळणाकडे चालायला लागलो.